घरगुती चार गोष्टी : बाळाची बाटली

गेल्या अंकांत लोणच्याच्या बरण्या कशा धुवाव्या व कशा वाळवाव्या याविषयीं मी दोन पानें लिहिलीं होतीं. त्यावर एका भगिनींचें पत्र आलें आहे. त्या लिहितात, "कैरीच्या फोडींसाठीं आपण इतकी शाई खर्च केलीत, घरांतल्या तान्ह्या मुलाच्या दुधाच्या बाटलीसाठीं तिच्या निमपट तरी कराल काय? माझ्या सासूबाई म्हणतात, बाटली खळखळून विसळली कीं झालें. माझी आई म्हणते, उकळलीच पाहिजे. मी दोघींच्या मध्यें सांपडलें आहें."

या विषयावर लिहावयाचें मी गेलें वर्षभर टाळीत होतों, हें प्रथम कबूल केलेलें बरें. आमचे घरीं या बाबतींत जी चूक घडली ती माझ्याच हातून घडली. आणि सारा जन्म मुलांच्या चुका लाल शाईनें दाखविण्यांत घालविल्यावर स्वतःची चूक छापून आणावयास मन सहजासहजीं तयार होत नाहीं. आतां पत्रच आलें, तेव्हां सांगतों.

त्यापूर्वीं एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पहिले सहा महिने मुलास आईचें दूध, आणि केवळ आईचेंच दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा व आपल्याकडील बालवैद्यांचा एकमुखी सल्ला आहे. आपल्या देशांत १९९२ सालीं झालेल्या आणि २००३ सालीं अधिक कडक केलेल्या कायद्यानें दुधाच्या बाटल्यांची व बाळदुधाच्या भुकटीची जाहिरात करण्यासच बंदी आहे. ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांतहि ठाऊक नसते. तेव्हां बाटलीची शिफारस करण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत मुलांचे तीन वर्ग केलेले आहेत : दुधावर राहणारा तो क्षीरप, दूध व अन्न दोन्ही घेणारा तो क्षीरान्नाद, आणि अन्नावर राहणारा तो अन्नाद. पहिला वर्ग एक वर्षापर्यंतचा, दुसरा दोन वर्षांपर्यंतचा. आईचें दूध नसेल तर धात्रीचें, म्हणजे दाईचें दूध, असा त्या काळचा विचार होता. आतां दाई कोणी ठेवीत नाहीं. आईला २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणें सव्वीस आठवड्यांची रजा मिळते, ती संपते, आणि क्षीरप बाळ घरीं राहून आई कामावर जाते. त्या दोघांच्या मधली वाट चालते ती ही बाटली.

आमचें घर वाईचें. दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडें, आमच्या सौ., मी, आणि या सर्वांच्या वर माझ्या ऐंशी ओलांडलेल्या काकू. धाकटी सून साताऱ्यास बँकेंत आहे. सकाळीं आठच्या एस.टी.नें ती जाते व संध्याकाळीं दिवेलागणीस परत येते. रजा संपून ती रुजू झाली तेव्हां बाळास नुकता सातवा महिना लागला होता. ती स्वतःचें दूध काढून, शीतकपाटांत ठेवून जात असे. शिवाय भाताची पेज, नाचणीचें सत्त्व असें थोडें थोडें सुरू झालें होतें. दूध पाजावयास तिनें दोन कांचेच्या बाटल्या आणिल्या आणि रात्रीं घरांतलीं सारीं कामें आटोपल्यावर ती त्या नेमानें उकळून ठेवीत असे. आमच्या सौ.ना तें मनापासून आवडत नव्हतें. "आमचीं मुलं काय बाटल्या उकळून वाढलीं?" हा त्यांचा प्रश्न दर दोन दिवसांनीं ऐकूं येई.

मे महिन्यांतील एका दुपारीं बाळास जुलाब सुरू झाले. रात्रीं नऊपर्यंत आठ वेळां. मूल मलूल पडलें, टाळू खोल दिसूं लागली, आणि दुपारपासून लंगोट ओला झाला नाहीं हें प्रथम काकूंच्या लक्षांत आलें. आम्ही तसेंच त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेलों. डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी. त्यांनीं मुलास रात्रभर दवाखान्यांत ठेवून घेतलें. चमच्याचमच्यानें जलसंजीवनी, आईचें दूध चालूच, आणि पुढें चौदा दिवस जस्ताचें औषध, एवढेच उपाय. ती रात्र आमच्या सुनेनें कशी काढली तें मी पाहिलें आहे. त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. पहाटे लंगोट ओला झाला तेव्हां आमच्या घरांत पुत्रजन्माइतका आनंद झाला.

दुसरे दिवशीं डॉक्टरांनीं बाटली मागवून घेतली व विचारलें, "सर, ही बाटली घरांत कोण धुतं?"

एकत्र कुटुंबास याहून अवघड प्रश्न नाहीं. सून म्हणाली, रात्रीं मी उकळतें. सौ. म्हणाल्या, दिवसा मी धुतें. थोरली सून म्हणाली, संध्याकाळीं मी विसळून ठेवतें. मी कांहींच बोललों नाहीं. डॉक्टरांनीं बाटलीची कडी फिरवून काढली, रबरी निपल बाहेर ओढून उलटें केलें आणि कडीच्या आंतील आट्यांवरून कापसाचा बोळा फिरविला. बोळ्याला पिवळसर, चिकट असें कांहीं लागलें. तें सायीचें जुनें किटण होतें. दिवसभर जें धुणें होत होतें तें बाटलीचें पोट धुणें होतें. कडी व निपल वेगळें करण्याची तसदी कोणी घेत नव्हतें. रात्रीं तीं उकळत, परंतु किटणासकट उकळत.

ही झाली सर्वांची चूक. माझी निराळी. सकाळीं सून घाईंत असे म्हणून उकळलेली बाटली पातेल्यांतून काढण्याचें काम मी आपण होऊन पत्करलें होतें. रात्रीं मीठ चोळून धुतलेले हातच बाटलीला लागावे असा माझा कटाक्ष असे, इतका मी व्यवस्थित! बाटलींत उकळलेल्या पाण्याचे थेंब राहूं नयेत म्हणून मी ती प्रथम माठांतील गार पाण्यानें खळबळीत असें, आणि मग खांद्यावरच्या पंचानें आंतून बाहेरून कोरडी पुशीत असें. पंचा रोज धुतलेला. त्यानें मी त्याच सकाळीं तोंड पुसलेलें असे, देवघरांतला पाट पुसलेला असे, क्वचित् नातवाचें नाकहि. दहा मिनिटें उकळून सुनेनें जें साधलें तें मी अर्ध्या मिनिटांत नाहींसें करीत होतों.

डॉक्टरांचें बोलणें चालू असतांनाच हें माझ्या ध्यानांत आलें. तरी मी गप्प राहिलों. घरीं आल्यावर सौ. सुनेला बोलल्या, "नोकरी सुटत नाहीं ना, मग असंच व्हायचं!" तेव्हांहि मी गप्प राहिलों. असे दोन दिवस गेले. तिसरे दिवशीं जेवतांना मी पंचाची हकीकत सांगितली. सौ. म्हणाल्या, "मग दोन दिवस तोंड शिवलं होतं का?" या प्रश्नास उत्तर नव्हतें. सून एवढेंच म्हणाली, "बाबा, उद्यां सकाळीं बाटली कशी काढायची तें मी दाखवतें." आणि दुसरे दिवशीं तिनें, मी पहिलीच्या मुलांस पाटीवर अक्षर गिरवून दाखवावें तसें, शांतपणें दाखविलें.

जुलाब माझ्या पंचानेंच झाले असें कोणी सिद्ध करूं शकणार नाहीं. डॉक्टर स्वतःच म्हणाले कीं, रांगूं लागलेलें मूल हातास येईल तें तोंडांत घालतें. शंभर वाटा आहेत. परंतु शंभरांतील जी वाट आपल्या हातांत आहे ती तरी बंद असावी.

आतां ही वाट इतकी महत्त्वाची कां, तें गणितानें सांगतों. दूध हें मुलाचें अन्न तसेंच जंतूंचेंहि. कित्येक जंतु असे आहेत कीं, ऊब व अन्न मिळालें तर सुमारें वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. रात्रीं दहा वाजतां बाटलीच्या कडीखालीं असा एकच जंतु राहिला असें धरा. पहाटे पांचपर्यंत सात तास, म्हणजे एकवीस वेळां दुप्पट. बुद्धिबळाच्या पटावरील तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आपणांस ठाऊक आहेच. एकविसाव्या दुपटीस उत्तर येतें २०,९७,१५२. प्रत्यक्षांत अन्न संपतें, गारवा येतो, वाढ मंदावते. पण अंदाज यावा म्हणून हें उदाहरण. ज्या मुलाचें सारें रक्त अर्ध्यापाऊण लिटरांत मोजावयाचें, त्याच्या पोटांत हें सैन्य जातें.

हें ज्ञान फार जुनें नाहीं. इंग्लंडांत गेल्याच्या मागील शतकांत लांब रबरी नळीच्या बाटल्या निघाल्या होत्या. मूल नळी तोंडांत धरून आपणच पीत पडे, आईचे हात मोकळे राहत. म्हणून त्या घरोघरीं पसरल्या. त्या नळीचें आंतलें अंग धुणें अशक्यच होतें. त्यांत कुजलेल्या दुधानें इतकीं मुलें दगावलीं कीं, पुढें लोक त्या बाटल्यांस खुनी बाटल्या म्हणूं लागले. १८६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या मिसेस बीटन यांच्या सुप्रसिद्ध गृहव्यवस्थेच्या पुस्तकांत तर असा सल्ला होता कीं, बाटलीस एकदां बांधलेलें बोंड नवें लावण्याची वेळ येईपर्यंत काढावयाचें कारण नाहीं, आणि ती वेळ पंधरवड्याच्या आंत क्वचितच येते. लिहिणारी बाई वाईट नव्हती. जंतु ही गोष्टच तेव्हां लोकांस माहीत नव्हती. पाश्चरचे प्रयोग त्याच सुमाराचे. नंतर १८८६ सालीं जर्मनींतील सॉक्सलेट नांवाच्या रसायनज्ञानें एक घरगुती साधन सुचविलें : एका वेळेच्या दुधाची एक अशा लहान बाटल्या भरून, पाण्याच्या भांड्यांत ठेवून, दुधासकट उकळावयाच्या. पॅरिसांत १८९२ पासून ब्यूदँ यांनीं व फेकांप या बंदराच्या गांवीं १८९४ पासून द्युफूर यांनीं गरीब आयांस योग्य सल्ला व शुद्ध दूध देण्याचीं केंद्रें चालविलीं. नळीच्या बाटल्यांवर मात्र फ्रान्सनें कायद्यानें बंदी घातली ती १९१० सालीं.

आपल्याकडे या नळीचें एक धाकटें भावंड होतें व आहे, तें म्हणजे बोंडलें. काकूंजवळ त्यांच्या माहेरचें चांदीचें बोंडलें आहे. तीन पिढ्या त्यावर वाढल्या. बाळाचें दुखणें उठल्यावर सौ.नी तें काढून पुढें ठेविलें, "बाटल्या टाका, हें घ्या" म्हणून. काकूंनीं तें हातांत घेऊन उजेडांत धरलें, चोचींतून आंत पाहिलें, आणि म्हणाल्या, "याच्या चोचींत केरसुणीची काडी घालावी लागे रोज. काडी मोडली कीं आंत राहायची. पांच मुलं झालीं मला, तीन उरलीं." इतकें बोलून त्यांनीं तें परत सौ.च्या हातांत दिलें. उघडी वाटी व चमचा हींच खरी तर सर्वांत निर्धोक साधनें. त्यांस कोपरा नाहीं, चोंच नाहीं, आटे नाहींत. दृष्टि व हात सर्वत्र पोंचतो. बाटलीऐवजीं वाटीनें पाजावें असें जागतिक आरोग्य संघटनाहि सुचविते. ज्यांस वेळ व धीर आहे त्यांनीं तोच मार्ग धरावा. आमचे घरीं दुपारीं घरांत सौ. व काकू दोघीच. रडणाऱ्या मुलास वाटीनें पाजतांना निम्में दूध लुगड्यावर सांडे, म्हणून बाटली राहिली.

तर बाटली ठेवावयाचीच असेल तर काय करावें? पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं हें लक्षांत घ्यावें कीं, धुणें व उकळणें हीं दोन कामें आहेत, आणि त्यांच्या सासूबाई पहिल्याविषयीं व मातोश्री दुसऱ्याविषयीं बोलत आहेत. पहिलें नीट झालें नसेल तर दुसरें बहुतांशीं व्यर्थ.

मुलाचें पिणें झालें कीं लगेच, निदान त्याच बैठकीस, बाटलीचे सर्व भाग सुटे करावे : बाटली, कडी, निपल, टोपण. आपले हात आधीं साबणानें धुवावे. प्रथम थंड पाण्यानें विसळावें. एकदम कढत पाणी ओतल्यास दुधांतील प्रथिन कांचेस धरून बसतें, हें दुधाचें पातेलें घासणाऱ्या कोणाहि बाईस सांगावयास नको. मग कोमट पाणी व साबण घेऊन, केवळ या कामासाठीं ठेवलेल्या ब्रशानें आंतून घासावें. निपल उलटें करून, आंतील अंग बोटानें चोळावें. नंतर सरळ करून त्यांत पाणी भरून छिद्रांतून दाबून बाहेर काढावें. छिद्र बुजलेलें असलें तर येथेंच कळतें. कडीचे आटे ब्रशानें फिरवून फिरवून धुवावे. हें सर्व मोरीच्या तळाशीं नव्हे, वेगळ्या तसराळ्यांत करावें; मोरींत उष्टीं भांडीं, कच्च्या भाजीची माती, सर्वच येतें. शेवटीं स्वच्छ पाण्यानें साबण पूर्ण जाईपर्यंत विसळावें. राख किंवा काथ्या या कामास उपयोगाचा नाहीं. चांदीच्या वाटीस राखुंडीनें चकाकी येते. प्लॅस्टिकच्या बाटलीस काथ्यानें ओरखडे पडतात, आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे जंतूंचें एकेक घर.

उकळण्यासाठीं एक पातेलें निराळेंच ठेवावें. त्यांत आमटी शिजवूं नये व अंडींहि उकडूं नयेत. (आमचे घरीं अंडीं नाहींत, पण मासिक सर्वांचें आहे.) कांचेची बाटली असेल तर तळाशीं स्वच्छ फडकें घालावें व पाणी थंड असतांनाच बाटली आंत ठेवावी, म्हणजे तडकत नाहीं. सर्व भाग पाण्याखालीं पूर्ण बुडाले पाहिजेत. बाटलींत हवेचा बुडबुडा अडकला तर तेवढी जागा कोरडी राहते, म्हणून ती आडवी करून बुडबुडा काढावा. झांकण ठेवावें. पाणी खळखळून उकळूं लागल्यापासून दहा मिनिटें मोजावीं. कोठें पांच मिनिटें सांगतात, कोठें दहा. मी दहा सांगतों, कारण आमच्यासारख्या घरांत पांच मिनिटें मोजणारा माणूस तीनाव्या मिनिटास कोणीतरी हांक मारली म्हणून उठून जातो.

येथें एक शंका विचारली जाते कीं, महाबळेश्वरास पाणी लवकर उकळतें, मग तेथें काय? खरें आहे. उंची दर तीनशें मीटर वाढली कीं उकळण्याचें तापमान सुमारें एक अंशानें उतरतें. महाबळेश्वर साडेतेराशें मीटरांवर, तेव्हां तेथें पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास उकळतें. रोग करणारे नेहमींचे जंतु मारण्यास तेवढेंहि पुरे आहे. कांहीं जंतूंची बीजें मात्र शंभर अंशांतहि टिकतात. त्यांच्यासाठीं दवाखान्यांत दाबाखालच्या वाफेचीं यंत्रें असतात, ज्यांत १२१ अंश उष्णता पंधरा मिनिटें देतात. म्हणून काटेकोर भाषेंत बोलावयाचें तर घरीं उकळलेली बाटली 'निर्जंतुक' होत नाहीं, अल्पजंतुक होते. शब्दाची ही हौस एका संस्कृतच्या मास्तराची समजून सोडून द्यावी. बाळाच्या कामास अल्पजंतुक पुरतें.

विजेवरचीं वाफेचीं भांडींहि मिळतात. त्यांत बाटल्या तोंड खालीं करून, सोबतच्या पुस्तिकेप्रमाणें ठेवाव्या. प्रवासांत क्लोरिनच्या गोळीच्या पाण्याचा उपयोग होतो : त्यांत अर्धा तास सर्व भाग बुडवून ठेवावे, तें पाणी चोवीस तासांनीं बदलावें, व धातूचें कांहीं त्यांत घालूं नये, गंजतें. प्लॅस्टिकविषयीं दोन शब्द. पॉलिकार्बोनेट या जातीच्या बाटल्या २०१५ च्या भारतीय मानकानें वर्ज्य ठरविल्या आहेत. जुनी बाटली माळ्यावरून काढून वापरूं नये. हल्लींच्या पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांतूनहि कढत पाण्यांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण उतरतात असें डब्लिनच्या संशोधकांनीं २०२० सालीं दाखविलें. त्याचा परिणाम काय होतो तें ठरावयाचें आहे. पण कढत दूध वा पाणी प्लॅस्टिकमध्यें न हलवितां कांचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यांत तयार करावें, एवढें करावयास कांहीं हरकत नाहीं.

आतां माझ्या चुकीची जागा. गॅस बंद केल्यावर बाटली झांकलेल्या पातेल्यांतच राहूं द्यावी. काढतांना हात धुवून, बाटलीबरोबरच उकळलेल्या चिमट्यानें काढावी. निपलाला धरावयाचें तर कडेनें, टोंकास बोट लावूं नये. पाणी झटकून टाकावें, आंत दोन थेंब राहिले तर राहूं द्यावे. तें उकळलेलेंच पाणी आहे. नळाच्या, माठाच्या, फिल्टरच्या, कोणत्याहि पाण्यानें पुन्हां विसळूं नये. पुसूं नये. कितीहि स्वच्छ फडक्यानें पुसूं नये. लगेच वापरावयाची नसेल तर जोडून, टोपण लावून ठेवावी.

हें सर्व मी काकूंना समजावून सांगूं लागलों तेव्हां त्यांनीं मला मध्येंच थांबविलें. "म्हणजे उकळली कीं ती सोवळ्यांत गेली. मग ओवळ्या हातानं शिवायचं नाहीं. एवढंच ना? मग एवढं लांबण कशाला?" त्या दिवसापासून घरांत कोणी त्या पातेल्याकडे वळलें कीं काकू बसल्या जागेवरून हांक देत, "अगं, सोवळ्यांत आहे तें!" लहान नातवंडेंहि त्याला शिवेनाशीं झालीं. डॉक्टरांचें व्याख्यान जें करूं शकलें नाहीं तें या एका शब्दानें केलें. तथापि सोवळें आणि निर्जंतुक हीं एकच नव्हेत, हें येथें म्हटलें पाहिजे. रेशमी कद महिनोन् महिने न धुतां सोवळ्यांत चालतो, आणि माझा पंचा तर रोजचा धुतलेला होता! आपल्या आजींनीं पाळलेल्या नियमांत पुष्कळ शहाणपण होतें, पण तें सूक्ष्मदर्शकानें तपासलेलें नव्हतें. शब्द उपयोगी पडतो तेथें घ्यावा, त्यावर विसंबून राहूं नये.

तोच प्रकार 'उष्टें' या शब्दाचा. मुलानें तोंड लाविलेलें दूध बाटलींत राहिलें तर आमच्या सौ.चा जीव तुटे; "दोन तासांनीं घेईल" म्हणून त्या झांकून ठेवीत. तोंडांतील लाळ दुधांत गेलेली असते व जंतु त्याच क्षणापासून वाढूं लागतात. आईचें काढलेलें दूध असलें तर तें दोन तासांच्या आंत संपवावें. भुकटीचें असलें तर पिणें सुरू केल्यापासून तासाभरानें राहील तें टाकावें. काढलेलें दूध साधारण पंचवीस अंशांच्या गारव्यांत चार तास व शीतकपाटांत चार दिवस टिकतें. आपल्याकडचा उन्हाळा पंचविसाचा नसतो, म्हणून तें तत्काळ आंत ठेवावें, दारांतल्या फळीवर नव्हे, आंत मागच्या बाजूस. तापवावयाचें तें ऊन पाण्याच्या वाटींत बाटली बुडवून.

ज्या घरांत वैद्याच्या सांगण्यावरून भुकटीचें दूध द्यावें लागतें त्यांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. डबा बंद असला तरी आंतील भुकटी निर्जंतुक नसते. तीत क्वचित् क्रोनोबॅक्टर नांवाचा जंतु आढळतो. नवजात मुलांस तो मेंदूपर्यंत जाऊन घातक होतो. म्हणून पाणी उकळावें, अर्ध्या तासाहून अधिक निवूं देऊं नये, म्हणजे तें सत्तर अंशांच्या खालीं जात नाहीं, आणि त्या कढत पाण्यांत भुकटी मिसळावी. मग भांडें गार पाण्यांत धरून दूध कोमट करावें व मनगटावर थेंब टाकून पाहावें. पुष्कळ जण उलट करतात, कोमट पाण्यांत भुकटी ढवळतात. त्यांत जंतु मरत तर नाहींतच, त्यांस ऊब मात्र मिळते. माप डब्यांतल्याच चमच्याचें, सपाट. अधिक पौष्टिक व्हावें म्हणून शीग लावूं नये व पुरवठ्यास यावें म्हणून पाणी वाढवूं नये.

हें सारें किती महिने करावयाचें? दोन महिन्यांच्या आंतील, अपुऱ्या दिवसांच्या वा अशक्त मुलांसाठीं रोज उकळण्यांत सूट नाहीं. पुढें निकोप मुलाची बाटली प्रत्येक वेळीं कसोशीनें धुतली तर उकळणें ऐच्छिक आहे असें अमेरिकेंत सांगतात. इंग्लंडांत वर्ष पुरें होईपर्यंत उकळा म्हणतात. आमच्या गच्चीवरच्या टाकीचें झांकण किती वेळां उघडें असतें हें मला ठाऊक असल्यामुळें मी इंग्लंडच्या बाजूचा आहें.

आमचे घरीं मग मी एक वेळापत्रक करून स्वयंपाकघराच्या दारास लाविलें. त्यांत वाराप्रमाणें एकेकाचें नांव होतें. त्या दिवशीं बाटलीचें जें काय होईल त्यास तोच जबाबदार. चौघींत वांटलेलें काम कोणाचेंच नसतें, हें शाळेंतील फळा पुसण्याच्या पाळीवरून मला फार पूर्वीं कळावयास पाहिजे होतें. रविवार माझा. थोरल्या मुलानें आपलें नांव नाहीं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला, तो पाहून सौ.नी स्वतःच्या हातानें बुधवारीं त्याचें नांव लिहिलें. त्यानें पहिल्या बुधवारीं एक निपल वितळविलें. पातेल्यांतलें पाणी आटून गेलें तरी तो वर्तमानपत्र वाचीत होता. दुसऱ्या बुधवारपासून ठीक चाललें.

बाळ आतां दीड वर्षाचें आहे, पेल्यानें पितें आणि पेला फेंकतें. वर्ष सरतांच बाटली सोडविली. त्याहून अधिक काळ ती राहिली तर दांतांस व जेवणास दोहोंसहि बाधक होते. सोडवितांना चार दिवस त्यानें आकांत केला.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं शेवटीं विचारलें आहे कीं, ब्रश किती दिवस वापरावा. ब्रशहि रोज बाटलीबरोबर उकळावा, टांगून वाळवावा, कधीं पाण्यांत उभा ठेवूं नये, आणि केस वांकले कीं टाकावा. निपल चिकट झालें, फुगलें किंवा त्यास चीर गेली कीं तेंहि त्याच दिवशीं टाकावें. पुढील अंकीं माठाविषयीं लिहीन. तो बाहेरून रोज धुतला जातो, आंतून केव्हां धुतला होता हें तोपर्यंत आपापल्या घरीं विचारून ठेवावें.